दादा, लाल दिवा जात नाहीये

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. मी स्वतः त्या गाडीत होते, म्हणून सांगते.

थंडीचे दिवस होते, संध्याकाळ होत आलेली. मामीला स्टेशनवर सोडून मी आणि मामा डोंगरातल्या रस्त्याने परत येत होतो. पुढे लांबलचक बोगदा लागतो.

मामाचं स्वतःचं गॅरेज. त्यामुळे समोर बॅटरीचा लाल दिवा लागला तरी मी निर्धास्त होते.

"बॅटरी गेली का रे?"

"छे. अल्टरनेटर चार्जिंग देत नाहीये," मामा म्हणाला. "आता गाडी नुसत्या बॅटरीवर चाललीय. हीटर बंद कर. रेडिओ बंद कर. इंजिन मात्र बंद करायचं नाही, परत चालू होणार नाही."

त्याने गाडी कडेला घेतली. बॉनेट उघडलं. अल्टरनेटर फिरवणारा इंजिनचा पट्टा शाबूत होता. तरी तो बराच वेळ आत बघत राहिला.

"गेल्याच महिन्यात नवाकोरा अल्टरनेटर बसवलाय मी," तो पुटपुटला.

"मग इथेच थांबू. कुणाला तरी बोलावून घे."

"बोगद्यापलीकडे पेट्रोल पंप आहे. तेवढी सहज जाईल."

आम्ही बोगद्यात शिरलो.

हेडलाइट पिवळे पडले... मग तांबूस... रबर जळल्याचा वास आला. आणि इंजिनमधून एक बारीक, चिरका आवाज यायला लागला.

बाई हुंदके देतेय असा...

मग बंद केलेला रेडिओ खरखरला.

"दादा... लाल दिवा जात नाहीये हो..."

मामाच्या तोंडचं पाणी पळालं.

"कोण आहे ही?" मी ओरडले.

"हॉस्पिटलमधली सिस्टर." मामा म्हणाला. "तिच्या गाडीला नवा अल्टरनेटर लावला म्हणून सांगितलं. जुनाच पुसून बसवला होता गं. ती परत आली, दिवा जात नाही म्हणाली. मी म्हटलं, वायरिंगचं काहीतरी असेल, बिनधास्त चालवा. ती गाडी बंद पडली... इथेच... मागून ट्रक आला..."

आमची गाडी आचका देऊन थांबली.

काळाकुट्ट अंधार.

"मामा, उतर!" मी दार उघडून कडेला उडी मारली.

"बेल्ट सुटत नाहीये!"

मी परत आत वाकले. दोघांनी मिळून बटण दाबलं. सीटबेल्ट सुटायचा सोडून आवळतच गेला... हळूहळू... मागच्या सीटवरून कुणीतरी ओढावा तसा.

मागे बघायची माझी हिंमत झाली नाही.

लांबून ट्रकचा उजेड आला. मी मोबाइलचा टॉर्च लावून त्याच्या दिशेने धावले. हात हलवले. घसा फाटेपर्यंत ओरडले.

ट्रक थांबला नाही.

ड्रायव्हर नंतर पोलिसांपुढे रडत एकच सांगत होता, "साहेब, पुढची गाडी चालत होती. मागचे लाल दिवे लख्ख दिसत होते मला... पुढे पुढे जात होते..."

मामा वाचला. दोन्ही पाय गेले.

हॉस्पिटलमध्ये त्याने माझा हात घट्ट धरला. "त्या सिस्टरला आत येऊ देऊ नकोस. ती माझी फार काळजी घेते."

मी वॉर्डात विचारलं. तो सांगत होता तशी कुणी सिस्टर तिथे नव्हती.

आता मामा घरी आहे. काल मामीचा फोन आला.

"रोज सकाळी यांचं बँडेज बदललेलं असतं. अगदी व्यवस्थित. मी हातसुद्धा लावत नाही गं. आणि हे झोपेत विनवण्या करतात... नको, मला बरं करू नकोस म्हणून."

"कुणाला म्हणतो? तू विचारलंस त्याला?"

मामी कुजबुजायला लागली...

"विचारलं. म्हणाले, ती रोज येऊन सांगते... लवकर बरे व्हा दादा, आपल्याला परत बोगद्यात जायचंय."

मामीला आता त्या घरात एकटीला भीती वाटते. तिने मला राहायला बोलावलंय.

मी हो म्हणाले खरी.

पण पाऊल उचलत नाहीये...