दाराआडची दांडी

रत्नप्रभा, दार लोटून घे गं जरा. बाहेर हळदीचा गोंधळ चाललाय तोवर सांगते, नंतर माझी हिंमत व्हायची नाही. तू या बिल्डिंगमध्ये आलीस चार वर्षांपूर्वी, त्यामुळे तुला आधीचं ठाऊक नाही. आणि खरं सांगू, आधीचं कुणालाच ठाऊक नाही.

आमची ती खालची काळी फियाट आहे ना, तिला मी सवत म्हणायचे. दर रविवारी आमचे हे तिच्यात डोकं घालून बसलेले. ह्यांना जाऊन दहा महिने झाले, आणि आता पोरीने डोक्यात घेतलंय, नाहूरहून मुलुंडच्या हॉलवर जाईन तर बाबांच्याच गाडीतून. श्रुतिका म्हणजे बापाची कार्बन कॉपी. मोबाइलवर बघून बघून महिनाभर खटपट केली, आणि गाडी चालू केलीच बयेने.

त्या गाडीचं बॉनेट लोखंडी, जडशीळ. ते वर उचलायचं आणि खाली दांडीचा टेकू लावायचा. ती दांडी आमच्या घरात असते, स्वयंपाकघराच्या दाराआड. ह्यांनी भांडुपच्या फॅब्रिकेटरकडून खास जाड बनवून घेतलेली. ह्यांचा नियमच होता, आधी दांडी खाली जाणार, मग बॉनेट उघडणार.

हा नियम का आला, ते सांगायचंय मला.

एकोणीस वर्षं झाली. चेंबूरला माझ्या भावाची वास्तुशांत होती. मी नवी पैठणी नेसून तयार, आणि हे खाली इंजिन चालू ठेवून त्यात हात घालून उभे. जुन्या दांडीची खोबण तुटली होती म्हणून म्हणाले, "प्रेमा, जरा बॉनेट धर गं, पाच मिनिटं." अगं, पाचाची चाळीस झाली. हात भरून आले, घामाने ब्लाउज भिजलं, भावाचे फोनवर फोन. माझं डोकंच फिरलं. "मरू दे तुमची गाडी!" म्हटलं, आणि सोडलं.

सुटलं नाही, रत्नप्रभा. मी सोडलं.

बॉनेट ह्यांच्या कोपरावर आदळलं आणि हात इंजिनाच्या पंख्यात गेला. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही गेली. डॉक्टर म्हणाले, बोटं बर्फात घालून आणा, बघू. तळमजल्यावरचे शिवदास गाडीखाली आडवे होऊन शोधत होते, मेकॅनिकने अर्धं इंजिन खोललं. पण बोटं मिळाली नाहीत. त्या एवढ्याशा जागेत जाणार कुठे? पण नाहीच मिळाली.

ह्यांनी जगाला सांगितलं, दांडी सटकली. मरेपर्यंत तेच सांगितलं, आणि मी सांगू दिलं.

आता गेल्या रविवारचं ऐक. दुपारचे चार वाजलेले. सगळी बिल्डिंग झोपलेली, कावळासुद्धा ओरडत नव्हता. खालून फक्त फियाटचा घरघर आवाज. श्रुतिका खाली होती, म्हटलं पोरीला चहा नेऊन द्यावा. थर्मास भरला, बाहेर पडताना स्वयंपाकघराचं दार पुढे ओढलं, आणि बघते तर दांडी तिथेच उभी.

आधी काही कळलंच नाही मला. मग गॅलरीत गेले. तिसऱ्या मजल्यावरून खालचं स्वच्छ दिसतं. कंपाउंडच्या भिंतीकडेला गाडी, बॉनेट सताड वर, आणि त्याखाली श्रुतिका कमरेपर्यंत आत वाकलेली. आजूबाजूला कुणीही नाही.

हाक घशाशी आली होती, पण मारली नाही. दचकून हात हलला तर? थर्मास तिथेच टाकला, दांडी उचलली आणि अनवाणी जिना उतरले. प्रत्येक मजल्यावर इंजिनाचा आवाज वाढत होता, आणि मी कान लावून होते, मध्येच तो धप्पकन आवाज येतोय का. तो आवाज मी एकोणीस वर्षं झोपेत ऐकलाय गं.

जवळ गेले तेव्हा पेट्रोलचा वास येत होता, आणि त्याखाली आणखी कसलातरी. ओल्या, गंजलेल्या लोखंडासारखा. तसा वास मला त्या दिवशी पैठणीला आला होता.

"श्रुती," मी अगदी हळू म्हटलं, "हात बाहेर काढ. सावकाश... बाळा, सावकाश."

ती बाहेर आली. किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. सगळं शांत झालं, आणि बॉनेट तसंच वर. कशाच्याही आधाराशिवाय.

"काय झालं? तू तिकडून इकडे कधी आलीस?" ती म्हणाली.

"तिकडून म्हणजे?"

"अगं, दांडी मी वरच विसरले. बॉनेट उचललं तर एकदम हलकं झालं. बघते तर बाजूने तू धरलेलंस. मी विचारलंपण, आई, धरलंस ना? तू बोलली नाहीस. मला वाटलं, चिडलीयस."

"मी... दिसले तुला?"

"बोटं दिसली ना तुझी. त्या कडेवर."

"किती?"

"काय किती?"

"बोटं किती दिसली, श्रुतिका?"

तिने आठवून बघितलं. मग तिचा चेहरा उतरला. "दोनच," म्हणाली. "करंगळी... आणि शेजारचं."

मी पुढे होऊन बॉनेटला हात लावला. वजनच नव्हतं त्याला. दांडी खोबणीत बसवली, आणि मग सगळा भार हळूहळू दांडीवर आला. दांडी करकरली. कुणीतरी बेताने सोडलं होतं, रत्नप्रभा.

ह्यांनी मला माफ केलं असेल. अठरा वर्षं त्याच तीन बोटांनी माझ्या हातचं जेवले, कधी एक वावगा शब्द काढला नाही. तो हात त्यांच्याबरोबर जळला. पण ती दोन बोटं तेव्हापासून गाडीतच आहेत. त्या बोटांची माफी मी कधी मागितलीच नाही. माझी भीतीने गाळण उडालीय. श्रुतिकाला म्हणावं, उद्या टॅक्सीने जाऊ, तर म्हणते, आई, बाबांनीच धरलं होतं गं, तू कशाला घाबरतेस? तू सांग तिला. तुझं ऐकते ती.

कारण तिला एक गोष्ट मी बोललेली नाही. रविवारी तिच्या उजव्या हाताला काळं ऑइल लागलं होतं. साबण झाला, लिंबू झालं, रॉकेल झालं. बाकीचा हात स्वच्छ निघाला. करंगळी आणि शेजारचं बोट तसंच राहिलं. ती हसते, लग्नापर्यंत जाईल म्हणते.

आत्ता तूही हळद लावलीस ना तिला? मघाशी मी स्वतः तिचे दोन्ही हात पार माखले. जा, बाहेर जाऊन बघून ये. सगळा हात पिवळाधमक झालाय. त्या दोन बोटांना हळद लागतच नाहीये.