दोन दारांची खोली

ही घडलेली गोष्ट आहे. ज्यांना थाप वाटेल त्यांनी खुशाल थाप समजा, मला कुणाला पटवायचं नाही. भुताची गोष्ट म्हटली की लोकांना रात्र लागते. ही भर दुपारची आहे. गेल्या वर्षीच्या जूनमधली, लखनौच्या जानकीपुरममधल्या आमच्या राहत्या घरातली.

मी दीप्ती. आम्ही मूळचे साताऱ्याचे. माझा नवरा सुजय बँकेत आहे, म्हणून इथे. आमच्याबरोबर त्याचे आजोबा राहायचे, विष्णू आबा. नव्वदी ओलांडलेली, बरेच दिवस अंथरुणाला खिळलेले. तरुणपणी मराठा पलटणीत शिपाई होते.

आबांच्या खोलीला दोन दारं. एक हॉलमध्ये उघडणारं, एक मागच्या अंगणात. दोन्ही कायम उघडी हवीत, हा त्यांचा हट्ट. थंडी असो की उन्हाळ्यातली लूची झळ. मी कुरकुर करायचे.

"ऱ्हाऊ दे पोरी उघडं," ते म्हणायचे. "कुणाला जायाचं असलं तर?"

"कुणाला, आबा?"

ते अंगणाच्या दाराकडे बघत राहायचे.

जूनमध्ये अंग भाजायला लागलं तेव्हा मी त्यांच्या खोलीत एसी बसवून घेतला. बसवणारा म्हणाला, "मॅडम, पीछे वाला दरवाजा बंद करा दो, वरना कूलिंग नहीं होगी." मला तर निमित्तच हवं होतं. मागच्या दाराला आतून कडी घातली आणि रजयांचं लोखंडी कपाट त्याला टेकवून ठेवलं. ते सरकवताना तिघा धडधाकट माणसांचा घाम निघाला.

आबा नुसते बघत होते. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "आता त्यो बसून ऱ्हाईल."

वय झालं की माणूस काहीही बोलतो, असं मला वाटलं.

त्याच आठवड्यातली दुपार. सुजय बँकेत. माझी अकरा वर्षांची मुलगी स्वरदा सुट्टी असल्यामुळे आबांच्या खोलीत मोबाइल घेऊन लोळत पडली होती. एसी तेवढा तिथेच होता ना! मी मलिहाबादचे दशहरी आंबे कापले आणि बशी घेऊन गेले.

एसीसाठी लोटून घेतलेलं हॉलकडचं दार उघडेना.

त्या दाराला आतून कडीच नव्हती. आबांसाठी आम्ही ती कधीच काढली होती. मी खांदा लावून ढकललं. जराही हललं नाही.

आणि मग... आतला एसी बंद पडला.

लाइट गेली नव्हती. माझ्या डोक्यावर हॉलचा पंखा फिरत होता.

"स्वरदा, दार उघड."

"मम्मी, खुल नहीं रहा."

"आबा जागे आहेत का?"

"हाँ. बात कर रहे हैं."

"कुणाशी?"

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला...

"एक भैया बैठे हैं, मम्मी. रो रहे हैं. कभी तुम्हारे वाले दरवाजे को देखते हैं, कभी अलमारी को."

माझ्या हातातून बशी पडली. मी दारावर लाथा मारल्या, देवाचं नाव घेतलं, शिव्याही दिल्या. खोटं कशाला सांगू, मी इतकी कधीच घाबरले नव्हते.

आतून स्वरदाचा आवाज आला. अगदी बारीक.

"मम्मी... भैया ने मेरी कोहनी पकड़ ली."

मी धावत घराला वळसा घालून अंगणात गेले. फरशी तापली होती, पायात चप्पल नव्हती. मागचं दार बडवायला लागले. आत कडी, त्याच्यामागे कपाट. कोण उघडणार होतं?

मग आबांचा आवाज ऐकू आला. तसा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"सोड तिचं कोपर! मी उघडतो!"

कपाट घासत सरकल्याचा आवाज आला... आणि कडी निघाली.

स्वरदा दारात उभी होती. कपाट खोलीच्या मधोमध आलेलं. आबा पलंगावर होते, धापा टाकत, पाय जमिनीवर सोडलेले. ज्या माणसाला कूस बदलायला माझी मदत लागायची, त्यानं ते कपाट हलवलं म्हणायचं का? खुर्ची रिकामी होती. हॉलकडचं दारही सताड उघडं होतं.

संध्याकाळी आबा पहिल्यांदा त्याबद्दल बोलले. सुजयलाही यातलं काही ठाऊक नव्हतं.

त्रेपन्न साली त्यांची पलटण कोरियात गेली होती. कम्युनिस्टांशी चाललेली ती लढाई अमेरिकेतल्या लोकांनाही नकोशी झाली होती. अखेर ती थांबली. पण हजारो चिनी आणि कोरियन कैदी परत घरी जायला तयार नव्हते. त्यांना सांभाळायला तटस्थ देश म्हणून आपली फौज. एकेका कैद्याला तंबूत नेत. त्याच्या देशाचे अधिकारी, घरी चल म्हणून त्याला समजावत. तंबूला दोन दारं. एक घराकडे जाणारं, एक परत छावणीत. कैद्यानं आपण होऊन निवडायचं.

"एक पोरगा बसूनच ऱ्हायला," आबा म्हणाले. "घरी गेला तर सरकार मारंल. न्हाई गेला तर म्हातारीचं तोंड पुन्हा दिसायचं न्हाई. दिवस कलला. तंबू रिकामा करायचा हुकूम झाला. मी त्याचं कोपर धरलं आन् भायेर काढला."

"कुठल्या दारानं?" मी विचारलं.

आबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. श्रावणात ते गेले. कुठल्या दारानं, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाहीच.

एसी आम्ही काढून टाकला. दोन्ही दारं आता उघडीच असतात. मी स्वतः रोज बघते.

पण स्वरदा...

घरात ती ठीक असते. खाते, खेळते, भांडते. पण दोन दारांच्या जागी गेली की थांबते. शाळेच्या सभागृहात झालं. बाईंनी बोलावून घेतलं. डॉक्टर म्हणाले, भीती बसली आहे, जाईल.

गेल्या रविवारी निशातगंजला कापड घ्यायला गेलो होतो. दुकानाला एक दार रस्त्यावर, एक गल्लीत. मी वळून बघते तर स्वरदा मधोमध उभी. एकदा इकडे बघत होती, एकदा तिकडे. डोळ्यांतून पाणी गळत होतं.

दुकानदार म्हणाला, "बिटिया, किधर जाना है?"

मला ते बघवेना. मी तिचं कोपर धरलं आणि रस्त्याच्या दारानं बाहेर काढलं.

ती किंचाळली. "मम्मी, ये वाला नहीं था!"

मी तिला तसंच परत आत नेलं आणि गल्लीच्या दारानं बाहेर आणलं.

तिथेही ती तेच म्हणाली.