मागचा डाग

थापा मारण्यात माझा कोणी हात धरणार नाही, हे सगळे जाणतात. पण वेधशाळेच्या कागदावर मी एकतीस वर्षांत एकदाही थाप मारली नव्हती. रोज सकाळी दुर्बिणीतून सूर्याची चकती कागदावर पाडायची आणि दिसतील तेवढेच डाग पेन्सिलीने काढायचे. शेजारच्या खोलीत माझा जुळा भाऊ त्याच डागांचं चुंबकीय क्षेत्र मोजायचा. माझ्याहून दहा मिनिटांनी धाकटा.

"जोडी असते बघ यांची," तो म्हणायचा. "पुढचा उत्तर ध्रुव, तर मागचा दक्षिण. एकदम वर येतात, मग लांब लांब सरकतात. मागच्याचं क्षेत्र आधी विस्कटतं, तुकडे होऊन विरतं. पुढचा बसतो एकटा मिरवत. तुझ्यासारखा."

त्या महिन्यात सूर्याच्या कडेवर एक मोठी जोडी उगवली. तिसऱ्या दिवशी मागच्या डागाला भेग पडली आणि धाकट्याने अंथरूण धरलं. डाग फाटत गेला, हा खंगत गेला. तपासण्यांत काही निघेना. सहाव्या दिवशी डागाची चार शकलं उरली होती आणि याला पाण्याचा घोट जाईना.

सातव्या दिवशी मी मागचा डाग अख्खा काढला. गोल, ठसठशीत.

घरी आलो तर हा उशीला टेकून बसलेला.

"चहा टाक की, दहा मिनिटांच्या दादा."

मी रोज खोटा डाग काढू लागलो. तो रोज उठून बसू लागला. फक्त हसेनासा झाला. मग त्याचे डोळे मिटेनासे झाले.

"दादा, पेन्सिल ठेव आता," अकराव्या दिवशी तो म्हणाला. मी त्याला काहीच सांगितलेलं नव्हतं.

"कसली पेन्सिल?"

"ओढून धरलंयस मला. विरू दे रे."

मी ऐकलं नाही. मागचाच नसेल, तर मी पुढचा कोणाचा?

जोडी सूर्याच्या कडेपलीकडे गेली. कोऱ्या चकतीवर मी एकच डाग काढत राहिलो.

त्याचे हातपाय गार पडले.

तो बसलेलाच.

काल डॉक्टर आले. मनगट धरून बराच वेळ थांबले. मग दुसरं मनगट धरलं; तिथेही काही लागेना. मग माझ्याकडे न बघता त्यांनी तक्त्यावर लिहिलं: नाडी बहात्तर.