पिवळा दिवा

त्या दिवशी दुपारी मी नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी सभागृहात पोचले. टेबल लावायचं होतं. माझं काम साधं आहे. जी वाद्यं मंचावर नसतात, ती मी गाण्यामागे लॅपटॉपवरून वाजवते. लॅपटॉप दोन. दोन्हींवर तेच गाणं एकाच वेळी चालू असतं, आणि मध्ये एक लहानशी इलेक्ट्रॉनिक पेटी. पहिलं मशीन अडकलं, की पेटी आपणहून दुसऱ्याचा आवाज पुढे पाठवते. हिरवा दिवा म्हणजे पहिलं, पिवळा म्हणजे दुसरं. ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

गाणारा माझा नवरा. आणि मी त्याची दुसरी बायको.

पहिली आजारपणात गेली, त्यानंतर बऱ्याच काळाने आमचं जमलं. म्हणजे मी कुणाच्या ताटातलं ओढून घेतलं नव्हतं. पण खरं सांगू? जिवंत सवत परवडली, तिच्याशी भांडता तरी येतं. ही पियानो वाजवायची. तिचं वाजवणं रेकॉर्ड केलेलं होतं; त्याच्या प्रत्येक गाण्यात तिचे हात होते. बटण दाबणार मी, आणि त्याला साथ करणार ती! ड्रमवाला अजून तिला ‘वहिनी’ म्हणायचा, आणि मला ‘मॅडम’.

शेवटी मी हट्टच धरला. दुसरा वादक बोलावला आणि सगळा पियानो नव्याने वाजवून घेतला. नवरा एवढंच म्हणाला, “तुला बरं वाटत असेल तर कर.” तिचे ट्रॅक मी दोन्ही मशीनांवरून पुसून टाकले. पुसताना जिवाला अगदी गार वाटलं.

नवे ट्रॅक त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाजणार होते. मंचाच्या कडेला, काळ्या पडद्याआड माझं टेबल. समोर खच्चून भरलेलं सभागृह. पहिली दोन गाणी सुरळीत गेली. नवरा गात होता, पण कसं? पाठ केलेला धडा म्हणावा तसं. मी म्हटलं, होईल सवय.

तिसरं गाणं संथ होतं. ते सुरू झालं आणि आधी वास आला. तापलेल्या दिव्यांचा, धुळीचा वास रोजचाच असतो; हा वेगळा होता. मलमाचा. ती वाजवायला बसण्याआधी मनगटांना चोळायची ते. त्याची डबी आमच्या कपाटात अजून आहे, मला टाकू देत नाही तो.

मी खाली पाहिलं. पेटीवर पिवळा दिवा.

पहिलं मशीन तर नीट चाललं होतं. आणि स्पीकरमधून येत होता... तिचा पियानो. एका जागी ती किंचित रेंगाळायची, सूर सोडवत नसल्यासारखी. तो तिथे तिच्यासाठी थांबला. मग असा गायला, की माझ्या अंगावर काटा आला. माझ्यासाठी तो कधी असा गायला नव्हता.

कानातल्या हेडफोनमध्ये ड्रमवाला कुजबुजला, “मॅडम... वहिनींचा ट्रॅक परत घेतलात? बरं केलंत.”

मी पेटीचं बटण दाबलं. दिवा हिरवा झाला. पियानो तिचाच. दुसऱ्या मशीनची वायर उपटली. पियानो चालूच. आणि नवऱ्याने मान वळवली. माझ्याकडे नाही, पलीकडे, जिथे पूर्वी तिचा पियानो असायचा त्या रिकाम्या कोपऱ्याकडे. तिकडे बघून हसला.

भीती नंतर वाटली. आधी संताप आला. मी पेटीचा प्लग खेचून काढला.

सगळं शांत. पेटीतून कानात येणारा ठेका गेला तसे ड्रमवाल्याचे हात थांबले. नवरा एकटाच गात राहिला. कडवं संपलं. पुढे पियानोची लांबलचक जागा होती. तो डोळे मिटून उभा राहिला, मान हलकेच डोलत होती. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. आणि मग बरोबर समेवर त्याने पुढचं कडवं उचललं. टाळ्या थांबेनात. लोकांना वाटलं, मुद्दामच केलंय.

कार्यक्रम संपल्यावर मागच्या खोलीत तो तोंड पुसत बसला होता. मी विचारलं, “वाद्यं बंद पडली तेव्हा घाबरला नाहीस?”

“बंद? कधी?”

“तिसऱ्या गाण्यात.”

त्याने टॉवेल बाजूला ठेवला. मग हळूच म्हणाला, “उलट आज तर...”

“आज काय?”

“काही नाही. दमलीयस तू. चल घरी.”

त्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण सभागृहाच्या माणसाने पाठवून दिलं. त्यात प्रत्येक माईकचा आवाज वेगळा ऐकता येतो. वादकांना सूचना द्यायला माझ्या टेबलावर असतो, त्या माईकचाही. मी तेवढाच लावला. प्लग काढल्याचा खट्ट आवाज. माझा श्वास. त्यानंतरची ती शांतता. आणि त्या शांततेत, माईकला ओठ लागतील इतक्या जवळून, एका बाईचा दमलेला, समजुतीचा आवाज.

“जरा सरक ना...”

मी त्या वेळी काही ऐकलं नव्हतं. देवाशपथ नाही. पण त्यानंतर लगेच माझी खुर्ची सरकल्याचा आवाज आहे.

मी जागा दिली होती.