दोन रकान्यांचा धवला

उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या दुकानात नवा लॅपटॉप उजळला, तसं दुकानदार अमितभाईंनी विचारलं, "मॅडम, लिखने के लिए क्या डालूं? पैसेवाला या फ्रीवाला?"

तेजलला ठाऊक होतं ते एवढंच, की बनूआत्याचे धवले, म्हणजे लग्नातली गाणी, लिहून उतरवायचेत. आत्या आगरी लग्नांतली धवलारीण. मांडवात ती एक ओळ गाते आणि मागच्या बायका पुढची झेलतात. यंदा मात्र तिचा आवाज मधेच तुटायला लागला होता. तो मिटला, की धवलेही मिटणार...

शेजारी प्रिंटरची शाई घ्यायला आलेला तरुण हळूच म्हणाला, "दोन्ही टाकून बघा की. स्थळंही चार बघतातच ना?"

"स्थळ मागून डिलीट करता येत नाही," तेजल म्हणाली.

तो हसला, तेही नुसत्या डोळ्यांनी. दिपेश त्याचं नाव, अंबरनाथ पूर्वेला लग्नपत्रिका छापायचा. तिला काय लिहायचंय ते ऐकून त्याने दोन्हींत पानाचे दोन रकाने पाडून दिले, डावा धवलारणीचा, उजवा बायकांचा. पैसेवाला दिसायला देखणा, पण वर्षाला पैसे भरले नाहीत तर त्यात पुढे लिहिता येणार नव्हतं.

"मग फ्रीवालाच," तेजल म्हणाली. "आत्याची गाणी भाड्याच्या घरात कशाला ठेवू?"

दिपेशने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. मग म्हणाला, "एक धवला म्हणा ना, टाकून बघू."

तिने नकारार्थी मान हलवली. समोर नवरानवरी नसताना आत्या धवला तोंडातून काढत नसे, कुणाला काढूही देत नसे. दिपेशने झटकन बोटं उचलली, पाटीवर चुकून पडलेला पाय उचलावा तशी. हट्ट नाही, थट्टा नाही. तेजलला तो आवडला, तो त्या क्षणी.

आत्या घरात बसून सांगणार नव्हती, म्हणून मग मांडवांतच जावं लागलं. तुळशीचं लग्न उरकलं आणि दोघं लग्नामागून लग्न हिंडू लागली. पत्रिका दिपेशनेच छापलेल्या, त्यामुळे कुठे कधी हळद आहे ते त्याला आधी कळायचं. आत्या गायची, तेजल डावा रकाना भरायची... आणि बायकांच्या घोळक्यातली ओळ तिच्या कानातून निसटली, की मागून दिपेश ती अलगद पुरवायचा. त्याचा श्वास मानेला लागायचा. तिची बोटं चुकायची.

लग्नसराई संपता संपता एकच धवला उरला. तो आत्या फक्त आपल्या घरच्या लेकीच्या हळदीला गाणार होती. बेलवलीला तेजलच्या घराच्या ओटीवर दोघं त्या कोऱ्या रकान्यांकडे बघत बसली.

"सोडून द्यायचा?" तेजलने विचारलं.

"सोडायचा कशाला? तुमच्या दारात मांडव पडला की झालं."

"नुसत्या मांडवाने?"

दुसऱ्यांची शेकडो नावं छापलेला दिपेश स्वतःच्या नावाशी अडखळला. "पत्रिका मी छापतो... नवऱ्याच्या जागी माझं नाव घालू?"

आतून आत्याचा आवाज आला, चिरकलेला, तरी ठसक्यात. "समदं ऐकते मी. पोरी, उत्तर दे त्याला."

तेजलने लॅपटॉप मिटला.

"घाल," ती म्हणाली. पहिल्यांदाच एकेरीत. "आणि लवकर छाप. आत्याचा गळा आपल्यासाठी थांबायचा नाही."