गाडी लावायला गेलेला भाऊ

तुमच्यातल्या एकाचाही यावर विश्वास बसणार नाही, हे आत्ताच लिहून देतो. शिंपीबुवा तर पहिल्या वाक्यालाच हसतील. हसा. आजवर मी मारलेल्या थापा तुम्ही मुकाट गिळल्यात, आणि ही खरी गोष्ट मात्र तुमच्या घशात अडकणार. पायरीवर नीट टेकून बसा, म्हणजे झालं.

साथीचं दुसरं वर्ष होतं. लस आली होती, पण आमच्या वाट्याला काही येत नव्हती. बायकोला दमा. वरच्या मजल्यावरचे मास्तर खोकत खोकत गेले, तेव्हापासून ती खिडकीसुद्धा बोटभरच उघडायची. झोपेत तिच्या छातीत शिट्टी वाजायची आणि मी ती ऐकत पडून राहायचो. दुसरं करणार काय? रोज दोघं चालत केंद्रावर जायचो आणि 'आज माल नाही' एवढं ऐकून चालत परत यायचो.

केंद्र म्हणजे बॅडमिंटनचा हॉल. जाळी गुंडाळून कोपऱ्यात उभी केलेली, जमिनीवर पांढरे पट्टे, प्रत्येक चौकोनात एक खुर्ची. रबरी बुटांचा जुना वास, आणि त्याच्यावर सॅनिटायझरचा. त्या दिवशी माल होता. एकच बाटली. आणि आम्ही नऊ जण.

"एका बाटलीत दहा जणांची लस असते," नर्सबाई म्हणाल्या. "उघडली की ठेवता येत नाही. दहावा आल्याशिवाय मी हात लावणार नाही, वरून तशी ताकीद आहे."

"आणि नाहीच आला तर?"

"तर बंद बाटली परत जाईल. पुढची कधी येईल ते मला विचारू नका, काका."

दुपार उतरली. दारातून कोणी येईना. बायकोचा मास्क श्वासागणिक आत ओढला जायचा, बाहेर यायचा. मी त्याच्याकडेच बघत बसलो होतो. शेवटी नर्सबाई बर्फाच्या डब्याचं झाकण लावायला लागल्या, आणि माझी जीभ सवयीने सुटली.

"अहो बाई, थांबा. दहावा माझा धाकटा भाऊ. गाडी लावायला गेलाय, येईलच."

मला भाऊ नाही. गाडी तर नाहीच नाही. बायकोने 'आता निस्तरा' अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं. पण नर्सबाईंनी बाटली उघडली. फुटली थाप तर दोन शिव्या खाऊ, तिच्या दंडात सुई तर जाईल.

गेली. पहिली तिच्या, मग माझ्या. नवव्याचा दंड पुसून झाला आणि दार ढकलून एक जण आत आला.

"माफ करा," तो म्हणाला. "गाडीला जागाच मिळेना."

माझ्याच चणीचा. मास्कच्या वर डोळे तेवढे दिसत होते, आणि ते माझ्याकडे बघून हसत होते. नर्सबाईंनी सुई काढून कापूस दाबला, उचलला. कापूस जसाच्या तसा पांढरा. त्यांनी तो क्षणभर उजेडात धरला आणि टोपलीत टाकून दिला.

मग अर्धा तास बसायचं, कोणाला त्रास होतोय का ते बघायला. बायकोने शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलली. "बसा," ती त्याला म्हणाली. नवल नाही, प्रश्न नाही.

मी वाकून हळूच विचारलं, "कोण तुम्ही?"

"असं काय करतोस, दादा?" तो म्हणाला. "तूच तर बोलावलंस."

"अहो," बायकोने हाक मारली. "पाणी द्या जरा."

आम्ही दोघांनीही 'ओ' दिली. त्याने आधी दिली. पाण्याची बाटली त्याच्याच हातात होती.

बाहेर खरोखरच गाडी उभी होती. बायको पुढे बसली. मला मागे जागा. सीटवर माझा चष्म्याचा डबा पडला होता. तो मी घरी टेबलावर विसरून आलो होतो.

"हा कोण, ते तू तरी सांग," मी म्हणालो.

"ताप चढतोय तुम्हाला," ती आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली. "गप्प पडून राहा."

घराचं कुलूप त्याने स्वतःच्या किल्लीने उघडलं. चपला जिथे माझ्या असतात तिथे काढल्या. पंख्याचं बटण त्याला पहिल्या फटक्यात सापडलं. मला तीस वर्षांत ते सापडलेलं नाही.

ताप खराच चढला. बाहेरच्या खोलीत मला कोणी निजवलं, आठवत नाही.

आतून पाण्याचा आवाज येत होता. ती कपाळावर ठेवायचा फडका पिळत होती.

मी वाट पाहिली. फडका माझ्याकडे आला नाही.

हाक मारली.

"ओ," आतून माझाच आवाज आला.

मी उठायला गेलो. पाय हलेनात.

आत ती हसत होती. मोकळी, छातीत शिट्टी न वाजता.

असे घाबरू नका रे. संपली गोष्ट. सकाळी माझा ताप उतरला, बघतो तर तो नाही, गाडी नाही. आला तसा गेला. बायको माझ्या उशाशी बसली होती. तिचा दमा तेव्हापासून गेला तो गेलाच, आणि आता आम्ही दोघंच कसे मजेत...

"हळू बोला ना," मागून दार उघडत बायको म्हणाली. "यांचा आत्ताच डोळा लागलाय. आणि लोकांना खोटं कशाला सांगता, भावोजी? हॉलमध्ये मी आणि हे बसलो होतो. गाडी लावायला तुम्ही गेला होतात."