नकाशातली लाल टोपी

डोक्यावर काहीतरी घोंघावू लागलं, तेव्हा ती लव्हाळ्याची काडी हातात धरून गुडघाभर पाण्यात उभी होती.

"अहो, लाल टोपी... जरा बाजूला होता का? फोटोत येताय," काठावरून आवाज आला.

"मी आधी आलेय. तुमचा फोटो नंतर आलाय."

तो हसला. ओळख झाली ती अशी.

ड्रोन उडवून या पाणथळ जागेचा नकाशा करायचा, हे त्याचं काम. तिथल्या वनस्पती ओळखायच्या, हे तिचं. ड्रोनला वरून सगळं हिरवंच दिसतं. त्यातला लव्हाळा कुठला आणि शेवाळ कुठलं, हे कुणीतरी खाली उतरून सांगावं लागतं. म्हणून तो काठावर लॅपटॉपच्या पडद्यात डोकं घालून बसायचा आणि ती चिखल तुडवत जाऊन ओरडून सांगायची.

पण तो एकाच जागेबद्दल पुन्हा पुन्हा विचारायचा.

"कालच सांगितलं ना, लव्हाळा आहे."

"हो... पण आज जरा वेगळं दिसतंय."

"लव्हाळा, की मी?"

त्याने उगाचच ड्रोनची बॅटरी काढली आणि पुन्हा बसवली.

घरी तिने मावशीला सांगितलं, "त्याला खरंच कळत नाही, की..."

"की काय?" मावशीने भाजी निवडता निवडता विचारलं.

"तेच तर मला कळत नाही."

"मग दोघं एकाच वर्गात."

नकाशा पुरा झाला. उद्या तो कार्यालयात देऊन हा माणूस दुसऱ्या गावी जाणार होता. आज विचारावं? आणि तो फक्त कामाचंच बोलत असला तर?

काठावर बसल्या बसल्या त्याने लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. शेकडो फोटो जोडून एक नकाशा होतो. त्या फोटोंमध्ये जे हलतं, ते नकाशात दोन-तीनदा उमटतं. मग ते पुसावं लागतं. त्याने बगळे पुसले होते, होडी पुसली होती. लाल ठिपके मात्र जिकडेतिकडे होते.

"ही मीच ना? पुसायला विसरलात."

"विसरलो नाही. दर वेळी पुसायला घेतलं, आणि—"

"आणि?"

"...हात चालला नाही. असं का होतंय, मलाच कळत नाही."

तिचे कान तापले. तिने एका ठिपक्यावर बोट ठेवलं. "याच्याखाली पाणकोंबडीचं घरटं आहे. मी राहिले, तर ते दिसणार नाही. पुसा मला."

त्याचा चेहरा उतरला. एकेक ठिपका गेला. सांगितलं तिनेच होतं, तरी दर ठिपक्याला तिला चुकल्यासारखं वाटत राहिलं. शेवटचा गेला तशी ती उठली आणि पाण्यात उतरली.

"आता कुठे?"

"खाली. मला बघायचं असेल, तर इथे यावं लागेल."

इतक्या दिवसांत तो एकदाही उतरला नव्हता. त्याने बुटांकडे पाहिलं, ड्रोनकडे पाहिलं... आणि बूट काढले. दुसऱ्याच पावलाला तो चिखलात रुतला. तिने हात दिला.

"दर ऋतूत हाच नकाशा पुन्हा काढायचाय," तो धापा टाकत म्हणाला. "ते काम... मी मागून घेऊ?"

"आधी पाय तर काढा."

पाय निघाला. हात कुणी सोडायचा, ते मात्र दोघांनाही कळेना.